शकूरचा कापलेला शिक्का

६ मे, मंगळवार

दाढेनं घात केला! काल ठणकत होती म्हणून रोहिणखेडची फेरी शकूरले देली अन् मी डेपोत गाल धरून बसलो. आज तो हसत हसत आला. त्याच फेरीत एका म्हातारीनं अर्ध्या तिकिटाले सुटे देले, त्यात दोन रुपयाचा एक शिक्का — कडेले चंद्रकोरीसारखा कापलेला! म्हणे, "बॅगीत सोताचे दोन रुपये टाकले बे रामराव, अन् हा काढून घेतला." कंडक्टरनं असंच कराव, हे त्याले शिकवलं कोणी? मीच!

चोवीस वर्षं कंडक्टरकी झाली. रोजची चिल्लर उलटीपालटी करून पाहली. टाकसाळीतच चुकलेले शिक्के माझ्याजवळ किती? चार. तेही बारके — एकाचा छापा जरासा सरकलेला, एकाचं अक्षर दुहेरी. अन् ह्याले एका फेरीत सापडला. माझ्या फेरीत!

७ मे

जेवण गेलं नाही. कौशल्या म्हणे, दाढ अजून दुखून राह्यली का? हो म्हणलं. बायकोले काय सांगू, काय दुखते ते!

९ मे, शुक्रवार

शिक्का माझ्याकडेच येणार होता. आला.

मलकापुरात कोणाले वेगळा शिक्का सापडला तं तो आधी मले दाखवते. कोणी रेल्वेच्या रुळावर चपटा केलेला आणते, कोणी सोनारानं टाका मारलेला. मोबाईलवर पाहून आलेले असतात, लाखाचा आहे म्हणून! मी भिंग लावतो अन् सांगतो — टाकसाळीची चूक नाही, मागून कोणीतरी बिघडवला. घरी असल्या खोट्यायचा डबाच भरला आहे. माझा शब्द शेवटचा असते.

शकूरनं टपरीवर रुमालातून काढला. "सांग बे आता. असाच निघाला का मांगून कोनं कापला? मले तुह्या तोंडून आयकाचं हाय."

भिंग लावलं. कापल्याच्या बरोब्बर समोरची कड पाहली. मागून कापला असता तं ती कड भरीव राह्यली असती, कारण शिक्का आधी पुरा बनला, कापणं नंतर. पण छापाच्या आधीच पत्रा कापलेला असला तं कड वळवणाऱ्या यंत्रात त्या जागी दाब बसत नाही. समोरची कड फिकी पडते. ह्याची फिकी होती! कापल्याजवळचं अक्षर कडेकडे ओढलेलं. कानशीची एक रेघ नाही. शंभर टक्के खरा. असा मी फक्त फोटोत पाहला.

अन् म्हणलं काय? "कानशीनं घासला हाय. कामाचा नाई."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"पक्कं?"

"पक्कं."

"समोरची कड पाहली?"

"पाहली ना बे! मले शिकोतं का?"

"ठीक हाय मंग." रुमालात गुंडाळला. चहाचे पैसे त्यानंच देले.

१० मे

आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. इथं खोटं कायले लिहू — मले लय बरं वाटलं.

१४ मे

बरं वाटणं सरलं.

आज शकूर ड्रायव्हरसंगं खिदळत होता. काऊन? शिक्का खोटा निघालेल्या माणसानं इतकं हसाव? पण ह्याचं असंच. बाया त्याले "शकूरभाऊ" म्हणून घरचे बोरं देतात, माझ्याशी एका रुपयावरून भांडतात. माझ्याच वयाचा, गुडघा दुखत नाही. गाडी बंद पडली तरी लोक ह्याच्या गोष्टी ऐकत बसतात! माझ्या गाडीत शिव्या.

जळते माझी. घ्या, लिहून टाकलं. जळते!

१८ मे, रविवार

ठरवलं होतं, उद्या सांगतो — आण पुन्हा, माझी नजर चुकली असन. मंग वाटलं, रामराव चुकला हे डेपोभर होईन. रिटायर व्हाले तेरा दिवस राह्यले. तेरा दिवसासाठी नाव घालवू का? नाही सांगत जा!

२४ मे, शनिवार

शकूरनं तो शिक्का मलेच देऊन टाकला!

कागदाच्या पुडीत. म्हणे, "तुह्या डब्यात ठेव. खोटा कसा रायते ते लोकायले दाखोवाले होईन." नाही म्हणाले पाहिजे होतं. हात पुढं गेला.

घरी दार लोटून तासभर भिंगाखाली पाहला. काय देखणा आहे! माझा आहे आता. पण दाखवू कोणाले? खरा म्हणलं तं शकूरले काय तोंड दाखवू? अन् खोटा म्हणून डब्यात टाकाले जीव होत नाही.

त्याच्याजवळ आता काहीच नाही, तरी मले त्याचाच हेवा वाटून राह्यला. त्याले सापडला होता ना! मले तं नुसता देला.

३१ मे

निरोप झाला. शाल, नारळ, भाषणं. शकूर बोलला नाही. घसा बसला म्हणे. मले तं सकाळी डेपोत बोलताना चांगला दिसला होता.

१ जून, रविवार

शकूरची बायको शाहीन डबा घेऊन आली. खीर होती. शकूर नाही आला. चहा घेता घेता म्हणे, "भाऊ, शिक्का आवडला ना? सापडल्यावर दोनच दिवसात ह्यायनं अकोल्याले जाऊन दुकानदाराले दाखोला होता. तो म्हने अस्सल हाय, मांगे लागला इका म्हनून. पन हे म्हने, नाई, रामराव रिटायर होऊन राह्यला, त्याच्यासाठी ठेवला. आधी त्याच्या हातात देऊन त्याचं तोंड पाहाचं हाय."

"हो," म्हणलं, "लय आवडला."