आबांची डिस्क

वरवंड, ८ डिसेंबर २००४

प्रिय विनोद,

बूथवरून तुझ्याशी नीट बोलता येत नाही. मागं माणसं उभी असतात आणि तुलाही कंपनीत जायची घाई असते. म्हणून लिहिते.

तुझ्या आबांची ती लग्नांच्या शूटिंगची मोठी डिस्क अजून उघडलेली नाही. कॉम्प्युटर बिघडला तेव्हा दौंडच्या संपतनं तो सगळा पुसून नव्यानं चालू करून दिला. तेव्हापासून तो डिस्कला ओळखतच नाही. हिरवा दिवा लागतो, आत घरघर होते आणि पडद्यावर तेच, ड्रायव्हर सापडत नाही. चार वेळा टॉवेलात गुंडाळून यष्टीनं दौंडला नेली. संपत म्हणतो, काकू, एवढ्या मोठ्या डिस्कला चालवायला तिच्या कंपनीचाच प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर लागतो, त्याची सीडी आणा. शिरूरच्या दुकानदारानं त्याच्या नव्या कॉम्प्युटरला लावली, तर तो विचारतो, फॉरमॅट करू का? मी म्हटलं, म्हंजी काय? तर म्हणाला, सगळं पुसायचं मावशी, मग झकास चालंल. मी डिस्क उचलली आणि स्टँडवर आले. आपल्याला माणूस ओळखू येत नाही म्हणून त्याचं घरच पुसून टाकायचं, ही कुठली रीत?

आणि परवा तूही तेच म्हणालास. लोकांच्या लग्नांचं शूटिंग आता कोण मागणार आई, संपत रविवारी येऊन नेईल, फॉरमॅट करील. मला इतका राग आला, की फोन ठेवला.

त्या सीडीचं खरं सांगते. संपतला, तुला, सगळ्यांना बोल लावत बसले, पण ती मीच घालवली. आबा गेले त्या साली पेरूवर राघू पडले होते. चकाकीनं ते बुजावेत म्हणून ट्रंकेतल्या सीड्या दोऱ्यात ओवून मी फांद्यांना टांगल्या. त्यात तीही होती. काल उतरवली. उन्हानं पापुद्रा गेलाय, आरपार दिसतं.

आबा आयुष्यभर कॅमेऱ्यामागं राहिले. एवढ्या लग्नांत ते एकातही नाहीत. पण नवा कॅमेरा आणला त्या दुपारी त्यांनी मला ओट्यावर पेपर वाचताना टिपलं. तेव्हा मी माझी मीच अक्षरं जुळवायला लागले होते. मी अडखळले, की मागून त्यांचा आवाज येतो, थांबू नको म्हाळसा, वाच पुढं. त्यांचा तेवढाच आवाज उरलाय, आणि तो त्या डिस्कमध्ये आहे.

रविवारी संपतला डिस्क मिळणार नाही. सीडी गेली, पण तिचं पाकीट ट्रंकेत सापडलं. ते पोस्टात गहाळ होईल म्हणून पाठवत नाही. त्यावरचं इंग्रजी मला येत नाही, तरी चित्र काढावं तसं एकेक अक्षर, आकडा, मधली रेघसुद्धा सोबतच्या कागदावर उतरवली आहे. तुमच्या कंपनीत इंटरनेट आहे, त्यावर तो ड्रायव्हर शोध. एखादं अक्षर वाकडं आलं असेल. थांबले मात्र नाही.

तुझीच,
आई