तास मोकळा जाऊ नये म्हणून

अण्णा,

आमच्या फिजिक्सच्या सरांच्या मातीला उदगीरला जाऊन आले, तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. आधी वाटलं राग सरांवरच आहे, तब्येतीकडं बघितलं नाही म्हणून. मग वाटलं क्लासच्या संचालकावर आहे. दोघांवर मनसोक्त चिडून झालं तरी राग सरेना, आणि भांडी घासताना एकदम ध्यानात आलं की मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय. तुम्ही जिवंत असताना तुमच्यासमोर कधी आवाज चढवला नाही. तुम्ही गेलात त्या वयाला मी आता टेकलेय, तेव्हा आता चढवते. शाळामास्तर होता, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नव्हती, पण आता उठून जायला तुम्हाला जागा नाही.

तुम्हाला ठाऊक असलेलीच नोकरी मी अजून करते. लातूरला नुकते क्लास निघायला लागले होते तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, आता चार मजली इमारत आहे, गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन खोल्या करून राहतात, आणि क्लासचा संचालक माझाच जुना विद्यार्थी आहे. तुम्हाला सरकारनं अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. क्लासला असं वय नसतं. घसा चालतो तोवर माणूस चालतो. आत्ता प्रश्न असा आहे की जूनमध्ये अकरावीची नवी बॅच सुरू होते, ती एकदा हातात घेतली की दोन वर्षं सोडता येत नाही, आणि संचालकाला माझं होय की नाही ते हवंय. आमचे हे म्हणतात, पुरे झालं. धाकटा नांदेडहून फोन करतो, ताई, सोड आता. मी दोघांना सांगते, बघू. हे "बघू" मी तुमच्याकडूनच उचललंय.

सर कसे गेले ते सांगते. मी दुसऱ्या मजल्यावरचा तास संपवून खाली येत होते. दोन बॅचांच्या मधली वेळ, जिन्यात पोरांची ही गर्दी. लिफ्ट आहे आमच्याकडं, पण ती पालकांसाठी. वळणावरच्या चौकात सर भिंतीला टेकून पायरीवर बसलेले. पोरं त्यांना वळसा घालून वर जातायत, जाता जाता "गुड मॉर्निंग सर" म्हणतायत. कुणाला वाटावं दमले असतील, बसले असतील. मलाही तेच वाटलं. मी म्हटलं, "काय सर, आज इथंच भरवताय काय वर्ग?" ते काही बोलेनात. खिशात खडू, मांडीवर हाजरीचं पॅड, डोळे अर्धे उघडे. हात लावला तेव्हा कळलं. मी ओरडले तरी वरच्या पोरांची पावलं थांबेनात, कारण तोवर बेल झाली होती.

त्यांना गाडीत घालून नेलं. मी फाटकापाशी उभी होते. संचालक जवळ आला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं कशाला बोलू. रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाला, "मॅडम, वर सरांची बॅच मोकळी बसलीय. जरा बघता का?" आणि मी गेले, अण्णा. त्याच जिन्यानं गेले. फळ्यावर पेशीविभाजन काढलं, रंगीत खडू वापरून. पोरांना काही ठाऊक नव्हतं, ती फिजिक्सऐवजी बायो आलं म्हणून कुरकुरत होती. पाय माझे होते, पण चालवले तुम्ही. "तास मोकळा जाऊ द्यायचा नाही." लहानपणापासून हे एकच ऐकत आले. ताप आला तरी तास, पाऊस कोसळला तरी तास, पाहुणे आले तर आई बघेल. देवाधर्माचं काही शिकवलं नाहीत, हे एवढं मात्र हाडात घातलंत.

सर मूळचे उदगीरचे, त्यांचा भाऊ तिथं मोंढ्यात धान्याची अडत चालवतो. दर जूनला स्टाफरूममध्ये चहा पिताना ते मला सांगायचे, "मॅडम, अब बस. ये बॅच निकली की अपन उदगीर." तिथं जाऊन काय करणार, विचारलं की हसायचे. "भावाच्या दुकानापुढं खुर्ची टाकायची. पोती उतरताना बघायचं. कुणाला काही समजावून सांगायचं न्हाई." त्या "न्हाई"वर ते असे काही थांबायचे, जणू जन्नतच तिथं आहे. मग बॅच निघायची, निकाल लागायचा, पेढे यायचे आणि पुढच्या बॅचच्या पहिल्या दिवशी हे पहिल्या मजल्यावर हजर. मी चिडवायची, "काय सर, खुर्ची मिळाली न्हाई वाटतं?" आता ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

उदगीरला त्यांच्या घरी मला आत बायकांमध्ये बसवलं. बाहेरून माणसांचे आवाज येत होते, सगळ्यांचं एकच चाललेलं, नसीबवाले थे, काम करते करते गए, बिस्तर नहीं देखा, किसी पे बोझ नहीं बने. आमचे लातूरचे लोकही माना डोलवत होते, सोन्यासारखं मरण आलं म्हणत होते. सरांच्या बायकोनं इतका वेळ तोंडातून शब्द काढला नव्हता. तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "सब नसीबवाले बोल रहे. मेरे को पूछे क्या कोई? दर साली मला सांगायचे, यंदा बस. मी वरची खोली रंगवून ठेवली होती."  मला बाहेर जाऊन एकेकाच्या तोंडावर हात ठेवावा वाटला. सोन्यासारखं मरण म्हणे. कुणाच्या घरचं सोनं, आणि घातलं कुणाच्या अंगावर?

कारण हेच शब्द मी तुमच्या वेळी ऐकलेत. निवृत्त झाल्यावरही तुम्ही भूकंपानंतरच्या नव्या वसाहतीतल्या शाळेत फुकट शिकवायला जायचात, आणि तिथल्याच व्हरांड्यात गेलात. अख्खं गाव म्हणालं, काय भाग्य, शाळेतच गेले. मी मान डोलावली. मला तेव्हा खरंच अभिमान वाटला होता. आता वाटतो तो संताप. घरी जायला तुम्हाला काय झालं होतं? मी त्या उन्हाळ्यात तुमच्याकडं राहायला आले होते, पोटुशी होते, आणि तुम्ही सकाळी चपला घालून निघालात ते निघालातच.

आणि त्याच्याही आधीचं. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला खोलीवर होते, तुम्ही अंगणात बाजेवर झोपला होता म्हणून वाचलात, आई आत होती. माळवदाची माती आणि दगड, काय राहणार. मी ट्रकमधून गावात पोचले तोवर तिला अग्नी देऊन झाला होता, बाकीच्यांबरोबरच. मला चेहरा दिसला नाही. तुम्ही मला बघितलंत, डोक्यावर हात ठेवलात आणि "आलीस का" म्हणालात. एवढंच. मग तुम्ही शाळेच्या ढिगाऱ्यातून घंटेचा रुळाचा तुकडा उकरून काढलात, लिंबाला टांगलात, आणि उरलेली पोरं जमवून पाढे म्हणायला लावलेत. पेपरवाले आले, फोटो छापला. बाहेरून मदत घेऊन आलेली माणसं तुमच्या पाया पडायची. मी तंबूत बसून ते पाढे ऐकायची. बेचा पाढा ऐकून माणसाच्या डोक्यात तिडीक जाऊ शकते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

दहाव्याला मीही नदीवर आले होते. बायकांनी यायचं नसतं, पण त्या दिवसांत कोण कुणाला अडवणार. गावातली किती तरी पिंडं ओळीनं मांडलेली. इतरांच्या पिंडांना कावळे शिवून गेले, आईच्या पिंडाला कावळा शिवेना. ऊन वर चढलं. धाकट्यानं हात जोडले, मामानं जोडले. मामा तुम्हाला म्हणाला, "दाजी, लेकीत जीव अडकलाय तिचा. लेकीकडं बघीन म्हणा, तिचं लगीन करीन म्हणा, लगेच शिवतो की न्हाई बघा." सगळे तुमच्याकडं बघत राहिलेले. मीही. तुम्ही पुढं झालात, हात जोडलेत आणि म्हणालात, "शाळा बंद पडू देणार न्हाई."

आणि कावळा आला. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत झेप घालून आला आणि चोच मारून गेला. लोकांच्या डोळ्यांत पाणी. मामा म्हणाला, बघा, केवढी थोर बाई. तुम्ही टोपी घातलीत, "पोरं जमली असतील" म्हणालात आणि निघालात. मी त्या पिंडाकडं बघत उभी. त्या कावळ्यावर माझा आजही राग आहे. मी शिकवते काय, जीवशास्त्र. कावळ्याला भूक लागते हे मला कळतं. तरी त्याला तेव्हाच भूक लागायची होती? त्या दिवसापासून आमच्या घरात शाळेपुढं कुणाचं काही चाललं नाही, कारण आईचीच परवानगी होती म्हणे. आईनं परवानगी दिली नव्हती, अण्णा. आई अख्खा जन्म तुमची वाट बघत ताट झाकून बसायची. तिला विचारलं असतं तर तिनं काय मागितलं असतं, हे त्या घाटावर फक्त मला ठाऊक होतं.

तुम्हाला घरी बसवत नव्हतं, हे मला कळत नाही असं समजू नका. बसलं की आई समोर येत होती तुमच्या. म्हणून तुम्ही लिंबाखाली जायचात. कळतं सगळं, मीही आयुष्यभर तेच केलंय. पण मग निघताना मला "चल" का नाही म्हणालात? एमएस्सी झालेली लेक तंबूत बसली होती. पाढे मलाही येत होते.

इथवर लिहून पत्र ठेवून दिलं होतं. आज पुढं लिहिते.

तुम्हाला सांगायचं राहिलं की फिजिक्सची बॅच मोकळी राहिली नाही. पत्र ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझा तास घेत होते आणि शेजारच्या हॉलमधून सरांचा आवाज आला. खडू हातातून पडला माझ्या. करोनाच्या काळात घरून शिकवताना त्यांची व्याख्यानं रेकॉर्ड करून ठेवली होती, ती पडद्यावर लावलेली. दारातून डोकावले. सर पडद्यावर, पोरं खाली मान घालून लिहितायत. सरांनी त्यांचा तो जुनाच विनोद केला, पोरं हसली. मग ते म्हणाले, "कळलं का? न्हाई कळलं तर सांगा, पुन्हा सांगतो." त्याच्यानंतर ते पोरांनी बोलावं म्हणून थांबले, आणि हॉलमध्ये एक पोरगं म्हणालं, "हाव सर." सवयीनं म्हणालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस मेला तरी ह्यांचा तास मोकळा जात नाही. मग तुम्ही आणि मी कशासाठी एवढं धावलो? आईचा दहावा अर्धा टाकून जायची काय गरज होती, कोण अडलं होतं?

तशीच संचालकाच्या केबिनमध्ये गेले आणि नव्या बॅचला मी नाही म्हणून सांगितलं. त्याला वाटलं मी सरांमुळं हबकलेय. म्हणाला, "मॅडम, आठ दिवस आराम करा. तुमच्यासारखी माणसं थांबत नसतात."

मी म्हटलं, "थांबतात की. सर थांबले होते जिन्यात. तुझी पोरं त्यांना वळसा घालून गेली."

तो हळू आवाजात, जुन्या विद्यार्थ्यासारखा म्हणाला, "घरी बसून काय करणार, मॅडम?"

"बसणार," मी म्हटलं.

जुन्या बॅचची परीक्षा होईपर्यंत क्लासला गेले, ते सोडून देणं बरं नव्हतं. आज नवी बॅच सुरू झाली. सकाळी सवयीनं साडी नेसून तयार झाले, आमच्या ह्यांनी बघितलं आणि बाहेर जाऊन टीव्ही लावला. मग स्वैपाकघरात फरशीवर तुरीची डाळ निवडायला बसले. सूप पुढ्यात घेतलं आणि थोड्या वेळानं बघते तर माझा एक पाय लांब पसरलेला, दुसरा दुमडलेला. आई अशीच बसायची. मी आजवर असं बसलेच नव्हते कधी, बसायला वेळ कुठं होता. आणि मला रडू आलं. साधंसुधं नाही, डाळ भिजेपर्यंत. ह्यांनी बाहेरचा टीव्ही बंद केला, आत आले, काय झालं विचारलं. मी म्हटलं, आई वारली. ते माझ्याशेजारी खाली बसले, गुडघे दुखतात तरी.

गाव दुसरीकडं वसवलं, जुन्या जागी आता रान माजलंय, तेव्हा हे पत्र पाठवायला पत्ताही उरलेला नाही. राग अजून आहे, तो असा लिहून जाणारा नाही. एवढं मात्र सांगून ठेवते. आज जे रडले ते आईसाठी होतं. तुमच्यासाठी अजून आलेलं नाही. आता घरीच आहे, वाट बघते.