माझ्याच निबंधाविरुद्ध

ता. ६ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू गुडघ्यांबद्दल तीनदा लिहिलंस आणि भावोजींबद्दल एकदाही नाही, त्यावरून ते ठणठणीत आहेत असं मी धरते. न लिहिलेलंही वाचावं, असं आमच्या वर्गात शिकवतात.

हो, गेले मी संध्याकाळच्या कॉलेजात. पंचेचाळिशीत दप्तर घेतलं म्हणून घरात पोटभर हसून झालं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवायच्या आणि संध्याकाळी स्वतः बाकावर बसायचं. भाषेचे सर माझ्या धाकट्या दिराहून लहान आहेत. परवा त्यांनी एक कथा शिकवली. शेवटी नायिका खिडकी लावून घेते. सर म्हणाले, खिडकी म्हणजे तिचं मन, ते आता जगाला बंद झालं. मी हात वर करून म्हटलं, वारा सुटला असेल. वर्ग खो खो हसला. सर मात्र हसले नाहीत. कथेत वारा कुठे आहे तो दाखवा म्हणाले. शोधलं, तर चार ओळी आधी टेबलावरचे कागद उडत होते! ताई, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मग आलं पटवून देणारं लेखन. विषय होता, पहिल्या मजल्यावरचं वाचनालय संध्याकाळी बंद ठेवावं की नाही. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि माझ्या चिठ्ठीत निघालं ‘ठेवावं’. आता मला बसून वाचायला तेवढीच एक जागा आहे. घरी जेवणाच्या टेबलावर चिरंजीवांचा कॉम्प्युटर, पलंगावर ह्यांचं वर्तमानपत्र, आणि मी ओट्यापाशी पुस्तक उघडलं रे उघडलं की कुणाला तरी चहा हवा असतो. वाचनालयात कोपऱ्यातली खुर्ची माझी. त्याच खुर्चीत बसून मी तिच्याविरुद्ध लिहिलं. पटवायचं काय, ते तर माझं रोजचंच काम. तुम्हाला शोभतो म्हटलं, की गिऱ्हाईक महागडी फ्रेम आपणहून मागतं. निबंधाची प्रत सोबत आहे. वाच आणि खरं सांग.

गुडघ्यांना सांभाळ, लोभाचं काय ते पत्रातून कळवत जा.
तुझी,
बिट्टी


ता. १७ जुलै

चि. सौ. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

निबंध ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. बंदच करा असली वाचनालयं, म्हणाले. ज्या माणसाने जन्मात वाचनालयाची पायरी चढली नाही त्याला एवढा त्वेष आला, म्हणजे तू जिंकलीस. ‘दिवे जळत राहतात आणि रिकाम्या खुर्च्या एकमेकींचं तोंड बघत बसतात’ हे वाक्य मी शेजारणीलाही ऐकवलं. तिला रडू आलं. तशी ती कशानेही रडते.

मी उभा जन्म शाळेच्या कचेरीत काढला. एक सांगते, साहेबलोकांना लिहिणारी माणसं आवडतात, बोलणारी आवडत नाहीत. तू लिहीत राहा. तोंड उघडायचं झालंच तर जांभईपुरतं.

डॉक्टरांनी मला जिने बंद केले आहेत. गच्चीवरचे कपडे आता हे काढतात आणि निम्मे विसरून येतात.

पत्राची आणि बक्षिसाची वाट बघणारी,
ताई


ता. ३ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा आशीर्वाद भलताच लागू पडला. प्राचार्यांनी माझा निबंध फळ्यावर लावला. खाली नोटीस: विद्यार्थ्यांच्याच भावना ध्यानात घेऊन वाचनालय यापुढे संध्याकाळी बंद राहील. त्या वेळात तिथे संचालकांची बैठक भरेल. सोफे येऊनसुद्धा पडलेत. म्हणजे भावना ध्यानात यायच्या आधीच सोफ्यांची मापं दिली होती!

ड्यूटीवर जाण्याआधी तिथे अभ्यास करणाऱ्या नर्सबाई आता माझ्या बाकावर बसत नाहीत. बस चालवणारे काका वर्गात माझ्यामागे बसतात. निबंध फारच छान होता हो, म्हणाले. चपराक परवडली असती.

मी प्राचार्यांकडे गेले. ते माझं मत नव्हतं, चिठ्ठीत निघालं ते लिहिलं, असं सांगितलं. ते गोड हसले. बाई, तुम्ही मला पटवलंत, आता तुम्हाला नाही पटलं तर मी काय करू, म्हणाले. सर माझ्या बाजूने बोलायला गेले, तर नोकरी कायम व्हायची आहे ना, असं त्यांना प्रेमाने विचारण्यात आलं.

आता कॉलेजच्या बक्षीस समारंभात मला ढाल मिळणार आहे आणि सगळ्यांसमोर तो निबंध वाचायचा आहे. मी वाचणार आहे, ताई. नीट वाचणार आहे.

रागातही तुझीच,
बिट्टी


ता. ११ ऑगस्ट

चि. सौ. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याएवढी हुशार आपल्या घरात कुणी नव्हती, हे मी पूर्वीपासून म्हणते.

पण हुशारीला वेळकाळ कळावा. प्राचार्यांशी वाकडं घेतलंस तर परीक्षेला बसू देतील का? या वयात नाव काढून टाकलं तर दुकानातल्या पोरी काय म्हणतील? ढाल घे, हसून फोटो काढ आणि घरी ये.

आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. तिच्या जिवाला तू कमी घोर लावलास का?

काळजीने अर्धी झालेली (वजनाने नव्हे),
ताई


ता. २४ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सरांच्या पद्धतीने वाचलं. आधी कौतुक, मग भीती, शेवटी आई. आई आली की आपल्या घरातला कुठलाही वाद मिटतो, म्हणून तू तिला राखून ठेवतेस. बांधणी उत्तम. मग त्यात काय नाही ते शोधलं. मी चूक करते आहे, असं त्यात कुठेच नाही. तेवढ्यावर मी समारंभाला गेले.

निबंध मी असा रंगवून वाचला, की संचालकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हटलं, आता याचं रसग्रहण. ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ असं यात लिहिलंय. सगळे म्हणजे मी एकटी, आणि मलाही ठाऊक नव्हतं. ‘विजेची नासाडी’ लिहिलंय. विजेचं बिल मी बघितलेलंही नाही. आणि ‘रिकाम्या खुर्च्या’ लिहिताना मी त्यांतल्याच एकीवर बसले होते. समोर नर्सबाई होत्या, शेजारी काका. रिकाम्या खुर्चीने लोकांना जास्त रडू येतं, म्हणून मी त्या दोघांना वाक्यातून उठवलं. प्राचार्यांनी खोलीतून उठवलं. मग सरांना म्हटलं, कथेत खिडकी बंद झाली की आधी वारा शोधायचा असतो ना, तो सापडला. वारा सोफ्यांवर बसलाय.

टाळी आधी फक्त सरांनी वाजवली, तीही उभं राहून. मग नर्सबाईंनी. प्राचार्यांनी माईक घेऊन सांगितलं, की मूळ निबंधच त्यांना अजून जास्त पटतो. ढाल कपाटात परत गेली.

वाचनालय बंदच आहे. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन त्याच्या जिन्यावर बसले. वरच्या पायरीवर नर्सबाई आल्या, खालच्या वळणावर काका. आता इतके जण असतात, की संचालकांना सोफ्यापर्यंत पोचायला प्रत्येक पायरीवर माफ करा म्हणावं लागतं. आम्ही माफ करतो आणि पान उलटतो. मागणी लेखी द्या, असा प्राचार्यांचा निरोप आला. मी कळवलं, की लिहून पटवायचं होतं ते पटवून झालं, आता आम्ही वाचतोय. नाव काढून टाकायचं पत्र अजून आलेलं नाही. आलंच तर तेही जिन्यावरच वाचू.

तू रागावली असशील. तरी पत्र पाठव. कौतुक वगळलंस तरी चालेल.
पायरीवरून,
बिट्टी


ता. २ सप्टेंबर

चि. सौ. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

या पत्रात कौतुक नाही, भीती नाही आणि आईही नाही. शोधत बसू नकोस.

शनिवारी येते आहे. हे पोचवायला येतील. रिकाम्या खुर्च्या बघायच्याच आहेत म्हणतात. अगदी खालची पायरी माझ्यासाठी धरून ठेव. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे. जिन्यावर बसायला नाही.

लोभ आहेच. जागा असावी.
ताई