खडावांच्या जागी

कामेउरा
सोमवार, १६ मे १९४९

बाबा,

हिनाता मास्तर आत्ता टेबलावर उभे आहेत आणि त्यांना उतरता येत नाही. दारावरची 'नवा किनारा' ही पाटी काढायला चढले होते. पाटी निघाली. पण आता ती दोन्ही हातांत धरली असल्यामुळे टेकायला हात मोकळा नाही, आणि माझ्याकडे द्यायला ते तयार नाहीत. "तू लिही," म्हणतात, "मी इथे बरा आहे. इथून बंदर दिसतं."

म्हणून लिहिते.

तुमचा गुडघा कसा आहे? काकूंनी पाठवलेला सुका मुळा पोचला. परसातल्या पर्सिमनला यंदा भरपूर पालवी आहे. छपाईचं यंत्र उजव्या बाजूला पूर्वीसारखंच कुरकुरतं. तुम्ही तिथे नक्की कुठे तेल घालायचात ते मला अजून सापडलेलं नाही.

शनिवारी आपल्या पेपरचा शेवटचा अंक निघेल. एकशे अठ्ठेचाळिसावा. तोक्योचे मोठे पेपर आता सकाळच्या गाडीने येतात, बेसबॉलच्या निकालांसकट, आणि पुढच्या महिन्यापासून आम्हाला कागदाचा कोटा नाही. मासळीवाल्या तोमे आजी काल येऊन बसल्या. त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "बंद पडला म्हणू नका बाई. दमला म्हणा."

दुःख करायला वेळ नाही. तीन वर्षांत इतकं हसलो आहोत की त्यातलं निम्मं तुम्हाला ठाऊकच नाही.

पहिल्या अंकापासूनचा नियम तुम्हाला माहीत आहे. कुणाचंही मत छापलं की त्याच्याशेजारी तितक्याच ओळींचं विरोधी मत. मिळालं नाही तर मास्तर स्वतः लिहायचे, आणि स्वतःवर चिडायचे. तुम्ही काकांकडे गेल्यावर हा नियम हवामानापर्यंत पोचला. बंदराच्या कचेरीकडून आलेलं 'उद्या पाऊस' आम्ही छापलं. तोमे आजी दारात उभ्या राहिल्या. "उद्या पाऊस नाही. माझा गुडघा काही बोललेला नाही. छापा." छापलं. पाऊस आला नाही. वर्षभर शेजारी शेजारी छापत गेलो. शेवटी बंदराच्या कचेरीतला माणूस शुक्रवारी गुपचूप त्यांच्या मासळीच्या टोपलीपाशी जाऊन बांगडे घ्यायला लागला. "बांगडे घेतो आणि गुडघ्याकडे बघतो," आजी म्हणाल्या, "या वयात."

सार्वजनिक हमामाच्या मालकाने लिहिलं, पहिलं गरम पाणी पुरुषांचं, ही रीत आहे. विरोधी मतं एकेचाळीस आली. मास्तर म्हणाले, एकच छापायचं, समान जागा म्हणजे समान जागा. मालक स्वतः धावत आला आणि म्हणाला, एकेचाळीसही छापा, पण माझ्या बायकोचं तेवढं वगळा. आम्ही नेमकं तिचंच छापलं. आता मंगळवारी पहिलं पाणी बायकांचं असतं.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टमधल्या त्या लेखाबद्दल मी लिहिणार नव्हते. अजूनही लिहीत नाही. आधी सेन्सॉरची गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी आम्हाला बोलावणं आलं. अमेरिकन अधिकारी, तरणाबांड, आणि शेजारी दुभाष्या. समोर आमचे अंक पसरलेले, आणि त्यात जिथे जिथे गावाचं नाव, तिथे तांबडी खूण. नियम असा की सेन्सॉरने काही गाळलं तर त्याचा मागमूस राहता कामा नये: कोरी जागा नको, फुल्या नकोत, काळे ठिपके नकोत. आणि आमच्याकडे तर प्रत्येक अंकात गावाच्या नावात दोन जाड काळ्या रेघा.

दुभाष्या म्हणाला, "साहेब विचारताहेत, कामे-नंतर काय लपवलंय? बंदराचं नाव लपवून तुम्हाला काय सुचवायचंय?"

मास्तर म्हणाले, "काही नाही. खडावा आहेत."

"काय?"

"एखाद्या अक्षराचा खिळा नसला की जुळारी त्या जागी दुसरा कुठलाही खिळा उपडा खोचतो. त्याचं बूड छापलं जातं. दिसतं खडावांच्या ठशासारखं. मुद्रितं तपासताना लक्षात यावं, आणि खरा खिळा तिथे बसावा, म्हणून."

"मग बसवला का नाही?"

"नाही म्हणून."

साहेबाचा विश्वास बसेना. तेव्हा मास्तरांनी पायातली एक खडाव काढली, तिच्या दोन दातांना टेबलावरच्या शिक्क्याची शाई फासली, आणि साहेबाच्या कोऱ्या कागदावर दाबली. दोन काळ्या रेघा. साहेब इतका हसला की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. तो कागद त्याने घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

मग दुभाष्याने सहज विचारलं, "पण तेवढाच एक खिळा गेला कुठे?"

मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो एका बापाकडे आहे. आम्हाला घाई नाही."

बाबा, मला वाटत होतं की ते फक्त मलाच माहीत आहे.

आपला उरातारो लढाईत गेल्याची तार आली त्याच आठवड्यात छापखान्यातलं सगळं शिसं सैन्याला जमा करायचा हुकूम आला. ज्यांनी जन्मात एकही हुकूम मोडला नव्हता, त्या तुम्ही खिळ्यांच्या केसी, कप्प्यांच्या सगळ्या पेट्या, पर्सिमनखाली पुरल्या. लढाई संपल्यावर तुम्हीच त्या खणून काढल्या आणि मास्तरांना म्हणालात, "घ्या, काढा तुमचा पेपर." मी एकेक कप्पा लावायला बसले. एकच कप्पा रिकामा होता. गावाच्या नावातलं शेवटचं अक्षर, तुमच्या मुलाच्या नावातलं पहिलं. 'उरा', एकच चित्राक्षर. तीन आकारांतले मिळून सत्तावीस खिळे. मातीत राहिले असतील, म्हणालात. पण तुम्ही वाकलात की तुमची तंबाखूची पिशवी वाजायची, आणि तंबाखू वाजत नाही.

मी कधी विचारलं नाही. नवे ओतवून आणता आले असते, आणि मास्तर दर महिन्याला म्हणायचे, पुढच्या महिन्यात बघू. मी त्यांना कंजूष समजत होते.

आता मास्तर खाली उतरले आहेत. पाटी आधी हमामाच्या मालकाने धरली, मग मालकाने मास्तरांना धरलं. ते कोपऱ्यात पट मांडून बसले आहेत. एकवीस महिने झाले, काळ्या सोंगट्याही तेच खेळतात आणि पांढऱ्याही. कोण जिंकलं विचारलं की म्हणतात, "कुसाका जिंकला. तो इथे नाही म्हणून मी त्याच्या वतीने जरा जास्त विचार करतो."

तुमच्यासारखा भिडू त्यांना तीस वर्षांत दुसरा मिळाला नाही, आणि तो लेख छापून आल्यापासून तुम्ही त्यांचं नाव घेत नाही. तेव्हा आता लिहिते.

'आम्ही छापले' हा लेख मास्तरांनी लिहिला नाही. मी लिहिला.

त्याखाली सही नव्हती, आणि तुम्ही पेपर हातात घेऊन सरळ त्यांच्या घरी गेलात. ते म्हणाले, "बिनसहीच्या मजकुराला संपादक जबाबदार." तुम्ही दुपारच्या गाडीने काकांकडे निघून गेलात. तुम्ही निघालात तेव्हा मी खिळ्यांच्या केसींमध्ये उभी होते. बोलले नाही. मागाहून मास्तरांना म्हटलं, मी जाऊन सांगते. ते म्हणाले, "तुला जमेल तेव्हा सांग. तोवर मी आहे." मला एकवीस महिने लागले.

लेखात होतं की आमच्या छापखान्याने आठ वर्षं लढाईवर जाणाऱ्या मुलांच्या निरोपाची पत्रकं छापली, एकाही पत्रकात चूक नव्हती, स्वतःच्या घरच्या मुलाच्याही नाही, आणि आमच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. तुम्ही त्यात फक्त स्वतःला वाचलंत. पण उरातारोच्या पत्रकाचे खिळे मी वेचले होते. तुम्ही यंत्रावर होता. त्याच्या नावाचा तो खिळा मी कप्प्यातून उचलला, आरशासारखा चकचकीत होता, आणि मला तेव्हा अभिमान वाटला. 'आम्ही' लिहिताना मी आधी स्वतःला धरलं होतं. लेखातलं काही मी मागे घेत नाही. गप्प राहिले, तेवढं चुकलं.

एकशे सत्तेचाळीस अंकांत विरोधी मत न मिळालेला तो एकच लेख आहे. मास्तरांनी स्वतः लिहिलं नाही. म्हणाले, ती जागा दुसऱ्याची आहे. शेवटच्या अंकात ती ठेवली आहे. पहिल्या पानावर, डाव्या कडेला, अठ्ठावीस ओळी. तुम्ही मला वाटेल ते म्हणा, मी जुळवीन. पत्राने पाठवलंत तरी चालेल. पण शनिवारी दुपारी बारापर्यंत यंत्र थांबवून ठेवणार आहे, आणि पहिली गाडी सव्वानऊला येते.

यंत्राला तेल कुठे घालायचं तेही कुणीतरी येऊन सांगायला हवं.

तुमच्या हाताखाली शिकलेली जुळारी,
नुइ

*

कामेउरा
रविवार, २२ मे १९४९

योइची काका,

बाबा सुखरूप पोचले. तुमची छत्री गाडीत विसरले.

काल सव्वानऊच्या गाडीने ते आले ते घरात न जाता सरळ छापखान्यात. माझ्याकडे बघितलं नाही. मास्तर उठून उभे राहिले. बाबा त्यांना म्हणाले, "पाटी वाकडी ठेवलीय." मास्तर म्हणाले, "तुझीच वाट बघत होतो, सरळ करायला." मग बाबांनी बाह्या सारल्या आणि केसींपाशी गेले. कागदावर काही लिहून आणलं नव्हतं. उभ्याउभ्या खिळे वेचून त्यांनी सरळ मजकूरच जुळवला. मधे एकदा कमरेची पिशवी सोडली, एक खिळा काढला, बोटाने पुसला आणि बसवला. पहिलं मुद्रित माझ्यापुढे धरलं. "तपास."

अठ्ठावीस ओळींच्या जागेत एवढंच होतं:

'शुद्धिपत्र. अंक १ ते १४७. गावाच्या नावात जिथे खडावांचे ठसे उमटले आहेत तिथे उरा वाचावे. ते खिळे माझ्यापाशी होते. आम्ही छापले या लेखात चूक नाही. कुसाका गेन्बेइ, मुद्रक.'

मी म्हटलं, "बाबा, हे विरोधी मत नाही."

"नियम तुझ्या मास्तरांचा," ते म्हणाले. "माझा छापखाना आहे. चूक नाही ना? मग चढव यंत्रावर."

उरलेल्या जागेत आम्ही भरती-ओहोटीच्या वेळा टाकल्या, आणि शेजारी तोमे आजींच्या वेळा. सगळे अंक चार वाजेपर्यंत संपले. हमामाच्या मालकाने एकट्याने पाच नेले. बायकोचं नाव कशात नाही ना, ते आधी तपासून घेतलं.

यंत्राला तेल उजव्या खांबाच्या मागे घालायचं असतं. आता ते कुरकुरत नाही.

काकूंना सांगा, बाबांचे जाड कपडे रेल्वेने पाठवा. घाई नाही, हिवाळ्यापर्यंत पोचले म्हणजे झालं. पुढच्या आठवड्यात लग्नाच्या दोन पत्रिका आणि मासळीच्या डब्यांची लेबलं छापायची आहेत.

आज सकाळी बाबांनी पिशवी रिकामी केली. कालचा धरून सत्तावीस खिळे रॉकेलने धुतले, फडक्याने पुसले आणि त्या कप्प्यात लावले. मास्तर पट घेऊन आले. पहिला डाव बाबा हरले. म्हणाले, "एकवीस महिने दोघांच्या वाटचा सराव याने एकट्याने केलाय." मग भात खायला दोघं आत आले.

तुमची,
कुसाका नुइ
कामेउरा