उरलेल्या एकोणीस गोळ्या

प्रतापनगर, बडोदे
१२ मार्च १९९९

सलील,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही.

मधुमेहाच्या त्या नव्या औषधाच्या चाचणीचा तुझा छापील अहवाल काल तुझी आई कौतुकानं घेऊन आली. आमच्या नातीनं, पूर्वीनं, वाचून दाखवला. तुझ्या काकांच्या, आमच्या ह्यांच्या, सतरा या रुग्ण-नंबरापुढे लिहिलंय, 'रुग्णाने स्वतःहून येणे बंद केले.'

येणं बंद केलं? अरे, रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षांत ज्यांना एकदा लेटमार्क पडला नाही, ते तुझी तारीख चुकवतील? त्या तारखेच्या आठ दिवस आधी ते गेले होते! उरलेल्या गोळ्या परत करायच्या हा तुमचाच नियम, म्हणून सुतकात मी बाटली घेऊन दवाखान्यात आले. तू माझ्यासमोर एकोणीस गोळ्या मोजल्यास. तुझी नर्स म्हणाली, "बेन, अहीं सही करो." मी केली. ती सही कुठे गेली? की मेलेला माणूस अहवालात शोभत नाही?

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. ताईला, तुझ्या आईला, लागेल म्हणून नाही, माझ्यासाठी.

छातीत धडधडतं, आता गोळ्या नकोत, दवाखानाही नको, असं ते महिनाभर म्हणत होते. "आपला सलील आहे, त्याची मान खाली जाईल," म्हणत रोज सकाळी पाण्याचा पेला मीच पुढे केला.

त्यांना येणं बंद करायचंच होतं, सलील. मी करू दिलं नाही.

मथुरामावशी