कुंकवाचं नाव सांगू नकोस

२ मार्च, रविवार

नाव दिलं! मॅरेथॉन. मेडनहेडला, नदीकाठी, मे महिन्यात. हाफ नाही—पूर्ण.

जेवताना सांगितलं. बाबांनी पोळी मोडता मोडता विचारलं, कोण धावणार? परीक्षित हसला. तो इथेच, इंग्लंडमध्ये जन्मलाय, त्याचं मराठी म्हणजे—"ताई, तुझा सगळा गोष्ट हाफ मॅरेथॉन असतो."

व्याकरण चूक, मुद्दा बरोबर. एमए अर्धं. पॉटरीचा क्लास—एक कप, कान नसलेला. कादंबरी शेवटापासून सुरुवातीकडे लिहायचा प्रयोग केला, मधेच कंटाळले. म्हणजे माझ्या कादंबरीला शेवट आहे, सुरुवात नाही.

आई ताटं उचलताना म्हणाली, बूट चांगले घे.

२३ मार्च

आजची नोंद क्रियापदाशिवाय.

पाऊस. जुबिली रिव्हर. मोजे चिंब. मागे सायकलवर बाबा, डोक्यावर परीक्षितचं शाळेतलं हेल्मेट, कॅरियरला पाणी. दर वळणावर त्यांचं एकच—"श्वास, चैत्राली, श्वास." घरी आई. तिळाचं तेल. माझ्या पोटऱ्या. स्वर्ग.

१३ एप्रिल

वीस मैल झाले! पुढचे सहा थेट त्या दिवशीच.

बाबांनी स्लाऊच्या अख्ख्या ऑफिसला सांगितलंय. आईने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंय. आता सोडायची सोय नाही. आणि मला तर नेहमी तीच सोय लागते.

संध्याकाळी आईबरोबर भाजी आणायला चालत गेले. ती दोन स्टॉपसाठी कधी बस धरत नाही. वीस मैल धावणारी मी तिच्या मागे धापा टाकत!

३ मे

उद्याच धावायचंय. आई विचारते, पोहे की साबुदाणा. बाबा विचारतात, आम्ही कुठे कुठे उभं राहायचं. परीक्षितने सगळ्यांच्या फोनवर ॲप टाकून दिलं, नकाशावर माझा ठिपका पळणार. जमेल का, हे कुणीच विचारत नाही.

४ मे

केली. पूर्ण केली!! पाय उशीवर, वही पोटावर. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी कार पार्कमध्येच आईने भाजीच्या पिशवीतून तबक काढलं. औक्षण! आजूबाजूला लोक स्ट्रेचिंग करतायत. वाऱ्याने निरांजन टिकेना, शेवटी परीक्षितने फोनचा टॉर्च लावून दिला आणि आईने तो ओवाळला. घामाने जाऊ नये म्हणून कुंकू तेलात कालवून आणलेलं. चांगलं लांबलचक लावलं. मी म्हटलं, आई, पुरे. ती म्हणाली, राहू दे.

पहिले पंधरा मैल—काय सांगू! अनोळखी माणसं टी-शर्टवरचं नाव वाचून ओरडत होती. 'चॅट-राली', 'शेट्राली', काय वाट्टेल ते.

विसाव्या मैलावर पाय संपले. नुसते दुखले नाहीत, संपले. त्यात कुंकू घामाबरोबर वितळून नाकावरून खाली. डोळे झोंबले, हाताने चोळलं, हात लाल, गाल लाल. हिरव्या जॅकेटमधली फर्स्ट-एडवाली बाई धावतच आली. डोकं फुटलंय असं वाटलं तिला. धरून खुर्चीवर बसवलं. म्हणाली, इथेच थांब गं, कुणी काही म्हणणार नाही.

आणि मी गप्प बसले. कुंकू आहे हे मला माहीत होतं. पण खुर्ची इतकी छान होती. आणि थांबायला मिळालेलं कारण त्याहून छान होतं—मानाने सोडता येत होतं. पुन्हा एकदा अर्धं, आणि या वेळी वर सगळ्यांची सहानुभूती!

ठिपका थांबलेला बघून आई आली. पुढच्याच वळणावर उभी होती. माझ्या कपाळाकडे बघितलं. त्या बाईला म्हणाली, "इट्स नॉट ब्लड. कुंकुम." मग माझ्यासमोर वाकली, आवाज अगदी हळू.

"थांबायचं तर थांब. पाय दुखतात म्हणून थांब. कुंकवाचं नाव सांगू नकोस."

ओढणीने माझं तोंड पुसलं. खसाखसा, लहानपणी पुसायची तसं.

मी उठले. ती म्हणाली, तू हो पुढे, मी बसने येते फिनिशला.

शेवटचे सहा मैल धावले, चालले, शिव्या दिल्या, पुन्हा धावले. मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर बसलेच असते.

फिनिशला बाबा टोपीत तोंड घालून रडत होते. परीक्षित बॅरियरवर चढून ओरडत होता, "माझा ताई! माझा ताई!" आज व्याकरण सुधारलं नाही.

आई नव्हती. बऱ्याच वेळाने आली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. बस अडकली म्हणाली. मेडल हातात घेतलं, उलटून मागची बाजूही बघितली, परत माझ्या गळ्यात नीट घातलं.

एवढंच वाईट वाटतंय. जिच्यामुळे खुर्चीतून उठले, नेमकं तिलाच फिनिश बघायला मिळालं नाही.

५ मे

बँक हॉलिडे. जिना उलटी उतरतेय. आईपण लंगडतेय! काल बसमध्ये उभं राहावं लागलं म्हणे.

८ मे

रेसवाल्यांचे फोटो आले.

बाविसावा मैल. मी, तोंड वाकडं. बऱ्याच मागे, बॅरियरच्या पलीकडे, पेव्हमेंटवर—आई. चोविसावा. आई, ओढणी कमरेला खोचलेली. पंचविसावा. आई, तोंड उघडं, खांद्याला भाजीची पिशवी, पिशवीतून तबकाची कड बाहेर. दोन्ही पाय जमिनीच्या वर.

परीक्षितला दाखवले. तो कितीतरी वेळ झूम करून बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी सगळा रोड बंद होता. बस नव्हताच."