आवाज घ्या, नाव नको

३ जून, मंगळवार. हमरापूर.

संजू आज दादाच्या गणपतीच्या कारखान्यात आला. एकोणीस वर्षांनी. मी डोळ्यांच्या आखणीला बसले होते, दीड फुटी मूर्तीचा उजवा डोळा अर्धा झालेला, म्हणून मान वर केली नाही. "काय गो मिना, वळखलंस काय?" ओळखलं. पोट सुटलंय, केस अजून मानेवर रुळतायत, पण रंगवलेले.

आमच्या 'खाजण' बँडची डिस्क निघतेय म्हणे. गाजलेली बारा गाणी, व्हिडिओसकट, पुठ्ठ्याच्या डब्यात, आत फोटोंचं पुस्तक. मी म्हटलं, डिस्क लावायला आता प्लेअर कुणाकडे आहे? तर म्हणे लावायला कोण घेतंय, लोक कपाटात ठेवायला घेतात.

मग मोबाईलवर कव्हर दाखवलं. संजू, गिटारवाला, ड्रमवाला, सगळ्यांची नावं. खाली व्हिडिओतली शीतल. माझं नाव दोनदा शोधलं. बारातल्या सात गाण्यांत बाईचा आवाज आहे आणि तो माझा आहे.

पुन्हा कुंचला टेकवला तर रेघ वाकडी गेली. अर्धा झालेला डोळा पुसून पुन्हा काढावा लागला. दादा ओरडला, बरोबरच आहे, सीझनचे दिवस.

५ जून, गुरुवार. रोहा.

माहेरून घरी परतले तरी दोन दिवस डोक्यात तेच.

तेव्हा पेणमध्ये रॉक म्हटलं की लोक विचारायचे, हळदीची ऑर्डर घेता का. संजूने एका गाळ्याला आतून अंड्यांचे ट्रे चिकटवून स्टुडिओ केला होता. मी शिवणक्लास सांगून निघायचे, गायचे, पाचच्या आत घरी. व्हिडिओत उभं राहायची वेळ आली तेव्हा बाबांना कळलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "रविवारी रोह्याची माणसं बघायला येतायत. काय ता तूच ठरव." मी ठरवलं. संजूला सांगितलं, आवाज घ्या, नाव नको.

मग पनवेलची शीतल आणली. धरमतरच्या जेट्टीवर, मे महिन्याच्या उन्हात, काळं चामड्याचं जाकीट घालून तिने माझ्या आवाजावर ओठ हलवले. घामाने बिचारीचं काजळ ओघळलंय, व्हिडिओत दिसतं. बिचारी कसली.

लग्न करून इथे आले तेव्हा शेजारच्या टीव्हीवर, केबलवर, रोज दुपारी तेच लागायचं. सासूबाई म्हणाल्या, काय ही बाई किंचाळते. मी गच्चीत पापड उलटत होते. उलटत राहिले.

९ जून, सोमवार.

संजूने गाण्यांचे तुकडे सगळीकडे पाठवलेत. प्रकाशच्या कंपनीच्या ग्रुपवरही आले. सकाळची पाळी करून आला आणि चहा घेताना मोठ्याने लावलं. एकोणीस वर्षं जी बायको त्याला रोज हाक मारते ती गात होती. पूर्ण ऐकलं. म्हणाला, "आवाज हाय हां पोरीला." मग शीतलकडे नीट बघून, "दिसायला पण बरी हाय."

मी विचारलं, ओळखीचा नाही वाटत आवाज? म्हणाला, गाणाऱ्या बायका सगळ्या सारख्याच. आणि अजून अर्धा कप मागितला.

दिला. काय करणार.

११ जून, बुधवार.

संजूला फोन केला. माझं नाव टाक. सरळ म्हटलं, आढेवेढे न घेता. बाबा गेले, सासूबाईंना ऐकू येत नाही, लेक सई बारावीला गेली. आता कुणाला घाबरायचं? तर म्हणतो, "तूच बोल्लीस ना तेव्हा, नाव नको. आम्ही तुझा शब्द पाळला." एवढी वर्षं माझं वाक्य जपून ठेवलं होतं, माझ्याच तोंडावर मारायला.

पण अडलाय तोही. 'भरतीची वेळ' या गाण्याची मूळ टेप बुरशीने गेली. चित्र वेगळं ठेवलेलं म्हणून वाचलं, आवाज गेला. कुणीतरी केबलवरून उतरवलेली खरखरीत कॉपी फोनवर फिरतेय, ती डिस्कवर चालणार नाही. मला पुन्हा गायला बोलावलंय. "रविवारी पेणला ये. मंग नावाचं बघू."

दुपारी घर रिकामं होतं तेव्हा गाऊन पाहिलं. वरचा सा लागतो अजून. थोडा घासून लागतो, पण लागतो.

१५ जून, रविवार.

सईला सोबत नेलं. कशाला नेलं?

कपडे घ्यायचेत सांगून निघालो, एसटीत खरं सांगितलं. तिने कानातले इअरफोन काढले आणि मी दुसऱ्याच कुणाची आई असल्यासारखी बघत राहिली. मग हसली. माझा हात धरला तो नागोठण्यापासून पेणपर्यंत सोडला नाही. आजच्या दिवसातलं तेवढं चांगलं.

संजूचा स्टुडिओ आता काचेचा, थंडगार. सहा वेळा गायले. सूर एकदाही हलला नाही. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, ताई, गाता छान, पण पडद्यावरच्या मुलीच्या तोंडात हा आवाज बसत नाही. बरोबर आहे. ती अजून पंचवीसची आहे. मीच तेवढी चव्वेचाळीसची झाले.

सई बाकावर बसून माझ्याबरोबर गुणगुणत होती. संजूने मान वळवली. मला तेव्हाच कळलं. "पोर गाते काय गो तुझी?"

एकदाच गायली. बसलं. पक्कं रेकॉर्डिंग करायला गुरुवारी बोलावलं तिला.

येताना एसटीत ती खिडकीकडे बसली. हात धरला नाही. बहुतेक माझ्याच चेहऱ्याकडे बघून.

१८ जून, बुधवार.

सईने जेवताना बापाला सगळं सांगून टाकलं. प्रकाश बराच वेळ भात कालवत राहिला. वाटलं, विचारेल, एवढी वर्षं का लपवलंस. विचारलं असतं तर रडले असते, आणि बरं वाटलं असतं. म्हणाला, "जाऊ दे आता. पोरीचं नाव होतंय ना, होऊ दे." हात धुऊन लगेच कंपनीच्या ग्रुपवर टाकलं, माझी मुलगी गाणार. नऊ तारखेला 'आवाज हाय' म्हणाला होता तो कुणाचा, ते काही टाकलं नाही.

दुपारी संजूशी बोलणं झालं होतं. कव्हरवर 'गायिका: सई म्हात्रे'. मी म्हटलं, ती एका गाण्यात. बाकीची सहा? "गाण्यागणिक नावं नाय टाकत आपण. एकच ओळ हाय." म्हणजे सातही तिची. जी मी गायले तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

माझं नाव आतल्या पुस्तकात, विशेष आभारात, चहावाल्याच्या वर. वर, हे त्याने मुद्दाम सांगितलं.

२१ जून, शनिवार.

सईने गुरुवारी केलेलं रेकॉर्डिंग आज ऐकवलं. त्या खरखरीत कॉपीवरून बसवलंय पोरीने. श्वास मी घ्यायचे तिथेच घेते.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी स्वर लांबवायचा होता, चाल तशीच होती. मी तो मध्येच तोडला, कारण गाळ्याबाहेर बाबांची स्कूटर थांबली असं वाटलं. घाबरून तोडला. नंतर तोच ठेवला, पुन्हा गायला वेळ नव्हता. सईनेही बरोबर तिथेच तोडलाय. म्हणते, आई, तीच तर त्या गाण्याची स्टाईल आहे.

काय सांगू हिला? स्कूटर दुसऱ्याच कुणाची होती.

मला हेवा वाटतो. पोटच्या पोरीचा. इथे लिहून टाकते, दुसरीकडे कुठे बोलणार. आणि ती खरंच चांगली गाते. त्याचाच जास्त त्रास होतो.

२४ जून, मंगळवार.

भांडण. मी सईला म्हटलं, संजूला सांग, आईचं नाव सोबत असेल तरच. फोनवरून नजर न काढता म्हणाली, आणि तो नाही म्हणाला तर? मी म्हटलं, तर नको जाऊस डिस्कवर.

मग तिने फोन खाली ठेवला. "आई, तुला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तू घाबरलीस. तू नाही म्हणालीस म्हणून मी पण नाही म्हणू?"

थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं, तो रविवार, ती पोहे खाणारी माणसं, बाबांचा तो शांत आवाज, हे तिला कुठून कळणार. मी कधी सांगितलंच नाही.

दिवसभर दोघी प्रकाशमार्फत बोललो. त्याला मजा वाटतेय.

२७ जून, शुक्रवार.

संजूचा कागद आला. सईला अठरा पूर्ण व्हायला तीन महिने आहेत, म्हणून पालकाची संमती. सही नसेल तर तिचा आवाज घेता येणार नाही, 'भरतीची वेळ' वगळून डिस्क काढणार. त्याचा माणूस चार वाजता कागद न्यायला येतोय.

गायिका: सई प्रकाश म्हात्रे. त्याखाली बारीक अक्षरात, सदर डिस्कवरील स्त्री आवाजाबाबत गायिका व पालक यांचा पुढे कोणताही दावा राहणार नाही. स्त्री आवाजाबाबत. एका गाण्याबाबत नव्हे. संजू बावळट कधीच नव्हता.

प्रकाशला आज सुट्टी. म्हणाला, आण इकडे, मी करतो सही. सईने दिला नाही. माझ्यासमोर आणून ठेवला. "तुझीच पाहिजे." विचारलं, खालचं बारीक वाचलंस? वाचलं म्हणाली. "बाबा न वाचताच करतील. तुला नको असेल तर फाड. मी काही बोलणार नाही." आणि आत गेली.

फाडला तर माझ्या पोरीचं पहिलं गाणं मी मारलं. सही केली तर सातही गाणी कायमची गेली, आणि ती माझ्याच हाताने.

'पालकाचे नाव' इथे मी नाव लिहिलंय. मीनाक्षी प्रकाश म्हात्रे. पूर्ण. अक्षर सुरेख आलंय. या सबंध डिस्कच्या कारभारात माझं पूर्ण नाव लिहायला एवढी एकच जागा निघाली. त्याखालची सहीची रेघ अजून कोरी आहे.

पावणेचार झाले. प्रकाश पेपर वाचतोय. सई आत आहे, एरवी दिवसभर गुणगुणते. आज घरात कुणी गात नाही.